शपथ, बंदी आणि संगत : नगर रस्त्यावरील एका गावाच्या संदर्भात मद्यमुक्तीच्या आधारगटांचा इतिहास

प्रस्तावना

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे भीमाकाठचे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. १६८९ च्या मार्चमधील त्या घटनेभोवतीच या गावाचा इतिहास लिहिला जातो आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि प्रत्येक गावाला, राजकीय इतिहासाच्या जोडीने, घराघरांच्या उंबरठ्याआड घडणारा दुसराही एक इतिहास असतो. दारू आणि ती सोडण्याची धडपड हा त्यातील एक मोठा भाग होय. त्याची नोंद अबकारी खात्याच्या महसुलात सापडते, पोलीस ठाण्याच्या दप्तरात सापडते. पण पिणारा माणूस स्वतः काय म्हणत होता, हे त्यातून कळत नाही.

वढूहून निघून कोरेगाव भीमा येथे पुणे–नगर महामार्गाला लागले, की पेरणे, लोणीकंद, वाघोली, खराडी अशी गावे ओलांडून सुमारे तीस किलोमीटरवर येरवडा येते. मागच्या अंगाला सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव हा कारखान्यांचा पट्टा, त्याच्या कडेने उभे राहिलेले ढाबे व 'परमिट रूम'. आणि पुढच्या अंगाला, येरवड्यात, १९८६ पासून उभे असलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. पिणे व सोडणे या दोहोंची ठिकाणे एकाच रस्त्यावर असण्याचा हा योगायोग अभ्यासकाला विचार करावयास लावणारा आहे.

दारू सोडणे ही महाराष्ट्रात दीर्घकाळ शपथेची, आणि त्यानंतर कायद्याच्या बंदीची बाब मानली गेली. ती संगतीची बाब आहे, म्हणजे आठवड्यातून ठरल्या वेळी ठरल्या जागी, त्याच दुखण्यातून गेलेल्या माणसांत जाऊन बसण्याची बाब आहे, ही कल्पना येथे फार उशिरा रुजली. ती कशी रुजली आणि शहरातून गावाकडे येताना कोठे अडखळली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

शपथेचा काळ

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने इलाख्यातील मद्यनिर्मिती व विक्री यांवर सरकारचे नियंत्रण पक्के केले. मोहाच्या फुलांपासून गावोगाव गाळली जाणारी दारू मक्तेदाराच्या भट्टीत गेली आणि तिच्यावरील कर हा सरकारी उत्पन्नाचा भरवशाचा स्रोत बनला. या धोरणाला पुण्यात विरोध झाला तो प्रथम महात्मा जोतीराव फुले यांच्याकडून. नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली होती. पुढे १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यातील दारूच्या दुकानांसमोर निरोधन झाले, स्वयंसेवकांवर खटले भरले गेले. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात या प्रसंगाला मानाचे स्थान आहे. मात्र त्यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. निरोधन करणारा स्वयंसेवक न पिणारा होता आणि दुकानात शिरणारा माणूस हा त्याच्या उपदेशाचा विषय होता. त्या दोघांमध्ये संवाद होण्याची सोय नव्हती. एकाने हात जोडावेत, दुसऱ्याने मान खाली घालून परत फिरावे अथवा आत जावे, एवढेच शक्य होते.

याच काळातील मनोवृत्तीचा सर्वांत प्रभावी दस्तऐवज म्हणजे राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये निवर्तले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ते रंगभूमीवर आणले. सिंधूच्या पातिव्रत्यावर मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. येथे दुसऱ्या दोन गोष्टींकडे लक्ष वेधावयाचे आहे. पहिली, तळीरामाचे 'आर्यमदिरामंडळ'. पिणाऱ्यांचे मंडळ असते, त्याला सभासद असतात, त्यात थट्टामस्करी आणि एकमेकांस सांभाळून घेणे असते, हे गडकऱ्यांनी अचूक टिपले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सुधाकर मध्यंतरी दारू सोडण्याचा निश्चय खरोखरच करतो. परंतु नोकरीच्या शोधात प्रतिष्ठितांच्या दारी गेल्यावर त्याच्या वाट्यास जी अवहेलना येते, तीतून तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. म्हणजे नाटकात पिण्यासाठी मंडळ आहे; सोडण्यासाठी मात्र सुधाकर एकटाच आहे, आणि त्याच्या हाती शपथेखेरीज काही नाही. नाटकाला 'दारूचे दुष्परिणाम' एवढ्याच चौकटीत वाचणाऱ्यांनी या विसंगतीकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

ग्रामीण भागात शपथेचे अधिक सुदृढ रूप होते, ते म्हणजे माळ. आळंदी आणि देहू ही दोन्ही क्षेत्रे शिरूरच्या पश्चिम भागापासून फार दूर नाहीत. तुळशीची माळ गळ्यात घातली की मद्य आणि मांस वर्ज्य, हा वारकरी संप्रदायाचा नियम गावोगाव सर्वांना ठाऊक असतो. माळकऱ्याला कोणी आग्रह करीत नाही, त्याच्या पुढ्यात ग्लास ठेवीत नाही. त्याची एकादशी, त्याचे भजनी मंडळ, सप्ताहातील त्याची जागा हे सर्व त्याच्या संयमाला आधार देते. आधारगटाचे अनेक गुण या व्यवस्थेत आधीपासूनच होते, असे म्हणता येईल. गाडगे महाराजांनी आपल्या कीर्तनांतून दारूवर जो प्रहार केला, तोही याच भूमीवर उभा राहून.

तरीही माळ व आधारगट यांत एक निर्णायक भेद आहे. माळ जन्मभरासाठी आणि चारचौघांदेखत घातली जाते. ती घालून जो पुन्हा प्याला, त्याच्या वाट्यास दुहेरी लाज येते: दारूची आणि मोडलेल्या व्रताची. असा माणूस भजनाला येण्याचे टाळतो, म्हणजे ज्या संगतीची त्याला त्या क्षणी सर्वाधिक गरज असते, तिच्यापासूनच तो तुटतो. घसरलेल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी येऊन बसावे आणि घसरलो असे सांगावे, यासाठी परंपरेने जागा ठेवली नव्हती. हा परंपरेचा दोष म्हणण्याचे कारण नाही. व्रताचे स्वरूपच तसे असते.

बंदीचा काळ

१९३७ च्या काँग्रेस मंत्रिमंडळात अबकारी खाते सांभाळणारे डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आली. महायुद्धाच्या आरंभी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने ती फार टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम झाला आणि १९५० पासून संपूर्ण राज्य कोरडे ठरले. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने या धोरणाला नैतिक अधिष्ठान दिले होते. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या, पण त्याचा गाभा शाबूत राहिला.

या कायद्याने पिणाऱ्याचे दोन वर्ग केले. ज्याच्याकडे डॉक्टरचा दाखला व परवाना होता, तो प्रकृतीच्या कारणास्तव पिणारा. ज्याच्याकडे नव्हता, तो गुन्हेगार. खेड्यातील मजूर पहिल्या वर्गात कधीच नव्हता. त्याच्यासाठी ओढ्याकाठची हातभट्टी होती: काळा गूळ, नवसागर, आणि पोलिसांची चाहूल लागताच जमिनीत पुरला जाणारा पिंप. बंदीच्या काळात दारू गेली नाही, ती केवळ अधिक विषारी व अधिक लाजिरवाणी झाली, हे मत आता बहुतेकांना मान्य होण्यासारखे आहे. १९६० नंतरच्या दशकात निर्बंध शिथिल होत गेले आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूचा अधिकृत व्यवहार पुन्हा सुरू झाला. एव्हाना सहकारी साखर कारखानदारी जोरात होती व मळीपासून मद्यार्क मुबलक मिळत होता. बंदी उठली, तिची खूण तेवढी भाषेत उरली. नगर रस्त्यावर आज 'परमिट रूम' अशी पाटी वाचणाऱ्या तरुणाला ते परमिट कसले, हे बहुधा सांगता येणार नाही.

मुंबई राज्यात दारूबंदी पूर्ण अमलात असतानाच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजेच ए. ए., ही संघटना भारतात आली. तिचा येथील आरंभ १९५७ चा मानला जातो आणि मुंबई हे तिच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक. ज्या राज्यात परवान्याशिवाय पिणे हा गुन्हा होता, त्याच राज्यात काही माणसे एका खोलीत जमून 'मी मद्यपी आहे' असे एकमेकांस सांगू लागली. कायद्याच्या दृष्टीने ती गुन्ह्याची कबुली ठरली असती. सभेच्या दृष्टीने ती बरे होण्याची पहिली पायरी होती. मद्यपानविषयक दोन परस्परविरोधी दृष्टिकोन एकाच शहरात असे समोरासमोर उभे राहिल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

अक्रनहून मुंबईस

ए. ए. चा उगम अमेरिकेतील ओहायो राज्यातील अक्रन या गावचा. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे एक दलाल बिल विल्सन व्यवसायाच्या निमित्ताने तेथे आले होते. व्यवहार फसला, पुन्हा पिण्याची इच्छा अनावर झाली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या एखाद्या मद्यपीचा शोध घेतला. त्यातून त्यांची गाठ पडली ती डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी. विल्सन यांनी डॉक्टरांना उपदेश केला नाही, आपली हकिकत सांगितली. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस मानला जातो आणि तोच संघटनेचा स्थापनादिन ठरला. १९३९ मध्ये तिच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले, बारा पायऱ्या मांडल्या गेल्या. १९५१ मध्ये मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन ही स्वतंत्र संघटना निघाली.

अमेरिकेतही हा प्रयोग अगदी पहिला नव्हता. १८४० मध्ये बाल्टिमोर येथे सहा मद्यपींनी सुरू केलेली वॉशिंग्टोनियन चळवळ झपाट्याने वाढली आणि काही वर्षांतच विरून गेली. राजकीय वाद व प्रसिद्धी यांत ती गुरफटली, हे तिच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण सांगितले जाते. ए. ए. ने पुढे ज्या बारा परंपरा स्वीकारल्या, त्यांत या अपयशावरचा उतारा दिसतो. सभासदत्वाला एकच अट, ती म्हणजे पिणे थांबवण्याची इच्छा. बाहेरून देणगी घ्यावयाची नाही. कोणत्याही सार्वजनिक वादात मत द्यावयाचे नाही. आणि प्रसिद्धीमाध्यमांत नाव उघड करावयाचे नाही.

सभेची रीत साधी असते. खुर्च्या गोलाकार किंवा ओळीने मांडलेल्या, चहा, एक जण संचालन करणारा. बोलणारा केवळ आपले पहिले नाव सांगतो, मग आपली हकिकत. दुसऱ्याने मध्येच सल्ला द्यावयाचा नाही. शेवटी एक पिशवी फिरते, तीत ज्याने त्याने इच्छेप्रमाणे पैसे टाकावेत. खोलीचे भाडे व चहा त्यातून भागतो. शपथ आजन्म नसते, आजच्या दिवसापुरती असते. मद्यमुक्तीचे वर्ष पूर्ण झाले की 'वाढदिवस' साजरा होतो. जो घसरला, त्याची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते, पण त्याची खुर्ची जात नाही. माळेच्या व्रतात जी जागा नव्हती असे वर म्हटले, ती हीच.

या रीतीच्या परिणामकारकतेबद्दल वैद्यकशास्त्र बराच काळ साशंक होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास व दहा हजारांहून अधिक व्यक्ती यांची माहिती तपासण्यात आली. ए. ए. व तिच्याशी जोडून देणारे उपचार हे अन्य मानसोपचारांच्या तुलनेत पूर्ण मद्यमुक्ती टिकवण्यात बहुधा अधिक परिणामकारक ठरतात, असे त्यात आढळले. तथापि आधारगट म्हणजे वैद्यकीय उपचारांना पर्याय नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास झटके येणे, भ्रम होणे, प्रसंगी जीवावर बेतणे, हे सर्व संभवते. अशा माणसाने प्रथम डॉक्टरांकडे आणि नंतर सभेला जावे, हाच क्रम योग्य.

येरवड्याचे अंगण

ए. ए. चे भारतातील आरंभीचे वातावरण इंग्रजी होते. मराठी कामगारापर्यंत, त्यातही खेड्यातल्या माणसापर्यंत ही कल्पना पोहोचण्यासाठी वेगळी वाट लागली. ती वाट पुण्यात, काहीशी अनपेक्षितपणे, दारूऐवजी ब्राउन शुगरच्या निमित्ताने तयार झाली. १९८० नंतरच्या दशकात 'गर्द' या नावाने ओळखला जाणारा हा पदार्थ शहरांत पसरला. अनिल अवचट यांनी त्याविषयी लिहिलेली लेखमाला व पुढे 'गर्द' हे पुस्तक यांनी वाचकवर्ग हादरला. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी काही तरी करावे म्हणून देणगी देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच रुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. काळाच्या ओघात तेथे येणाऱ्यांत दारूचे रुग्णच मोठ्या संख्येने दिसू लागले.

मुक्तांगणचे ऐतिहासिक महत्त्व केवळ उपचारांत नाही. शब्दांची निवडही पाहावी. येथे दाखल होणाऱ्यास 'रुग्णमित्र' म्हटले गेले. 'बेवडा', 'दारुडा' हे शब्द ज्या भाषेत सर्रास वापरले जातात, तीत हा बदल लहान नव्हे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे समुपदेशक व कार्यकर्ते झाली. म्हणजे विल्सन व डॉ. स्मिथ यांच्या भेटीतील तत्त्व, एका मद्यपीने दुसऱ्याशी बोलावे हे तत्त्व, संस्थेच्या रचनेतच उतरले. सुमारे पाच आठवड्यांचे निवासी उपचार संपल्यावर खरे काम सुरू होते, हे ओळखून पाठपुराव्याच्या सभा सुरू झाल्या. पत्नींसाठी 'सहचरी' हा गट निघाला. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये कर्करोगाने निवर्तल्या. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे धुरा सांभाळली. महिलांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभागही पुढे उभा राहिला. अनिल अवचट यांचे २७ जानेवारी २०२२ रोजी निधन झाले.

'सहचरी'बद्दल अधिक सांगावयास हवे. आधारगटाचा शोध घेणारी व्यक्ती नेहमी मद्यपीच असते असे नाही. तिकीट काढणारी, पत्ता विचारणारी, डॉक्टरांपुढे बोलणारी अनेकदा त्याची पत्नी वा आई असते. 'एकच प्याला'तील सिंधूचा आदर्श हा मूकपणे सोसण्याचा होता, आणि शतकभर मराठी रसिकांनी त्यावर अश्रू ढाळले. 'सहचरी'मध्ये बसलेल्या स्त्रीला प्रथमच असे सांगितले गेले, की त्याच्या पिण्याचे कारण तू नाहीस आणि त्याचे पिणे लपविणे ही तुझी जबाबदारी नाही. मराठी कुटुंबव्यवस्थेच्या इतिहासात या वाक्याची दखल घेतली गेली पाहिजे. पुरुषांच्या सभेपेक्षाही ती अधिक मूलगामी घटना होती, असे म्हणण्यास आधार आहे.

याच कालखंडात शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यात, तेव्हाच्या अहमदनगर व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, राळेगणसिद्धीचा प्रयोग घडला. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली गावातील दारूभट्ट्या बंद झाल्या. पिणाऱ्यास मंदिराजवळ खांबाला बांधून मारल्याचेही प्रसंग घडले आणि हजारे यांनीही ते नाकारलेले नाहीत. एका पिढीने राळेगणकडे आदर्श म्हणून पाहिले आणि भट्ट्या बंद झाल्याचा लाभ तेथील स्त्रियांना निश्चितच झाला. पण खांबाला बांधलेला माणूस आणि खुर्चीवर बसून बोलणारा माणूस यांत जे अंतर आहे, ते दृष्टीआड करता येणार नाही. आज तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्याच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला असून अशा रुग्णाची प्रतिष्ठा राखणे हे कायद्यानेच बंधनकारक झाले आहे. २००८ च्या आदेशान्वये महिला मतदारांच्या किंवा एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतांनी गावातील परवानाधारक दुकान बंद करण्याचा, म्हणजेच 'बाटली आडवी' करण्याचा, मार्ग अधिक सनदशीर आहे. दुकान आडवे झाल्यावर पिणाऱ्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या मतपत्रिकेवर नसते.

वढूहून येरवड्यापर्यंत

१९९० नंतर शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागाचे अर्थकारण झपाट्याने पालटले. रांजणगावची औद्योगिक वसाहत, सणसवाडी–कोरेगाव भीमा पट्ट्यातील कारखाने, चासकमानच्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस, जमिनींचे व्यवहार, भाड्याच्या खोल्या, कंत्राटी कामगार. पूर्वी यात्रेपुरती वा सणापुरती असलेली दारू पगाराच्या तारखेशी, पाळीच्या वेळेशी आणि खरेदीखताच्या दिवसाशी बांधली गेली. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला, तेव्हा या रस्त्यावरचे चित्र बदलेल असे वाटले होते. वीस हजारांहून कमी लोकवस्तीच्या ठिकाणी अंतराची मर्यादा २२० मीटरवर आणली गेली, तर नगरपालिका हद्दींना त्यातून वगळण्यात आले.

उपचारांची बाजू मात्र तुटपुंजीच राहिली. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी अवघ्या एकीला कोणत्या तरी स्वरूपाचे उपचार मिळाले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारी व्यक्ती १८० मध्ये एक.

या पार्श्वभूमीवर वढूसारख्या गावातील एखाद्याने आधारगट शोधावयाचा ठरवले, तर पहिली अडचण शब्दाचीच येते. 'गट' म्हटले की गावात बायकांचा बचत गट डोळ्यांसमोर येतो, किंवा राजकारणातला गट. दुसरी अडचण अंतराची. ए. ए. मध्ये नवागतास नव्वद दिवसांत नव्वद सभांना जाण्याचा सल्ला देण्याची प्रथा आहे. ही प्रथा शहरात जन्मली, जेथे प्रत्येक संध्याकाळी चालत जाण्याजोग्या अंतरावर कोठे तरी सभा असते. वढूच्या माणसाला येरवड्याची एक सभा म्हणजे साठ किलोमीटरचा येण्याजाण्याचा प्रवास, वाघोलीची वाहतूककोंडी, आणि कंत्राटी कामगार असेल तर एक खाडा. नव्वद सभा म्हणजे नव्वद खाडे! आठवड्यातून एक सभा, आणि मधल्या दिवसांसाठी त्याच रस्त्यावरील दुसऱ्या एखाद्या रुग्णमित्राचा फोन, हीच तडजोड त्याला परवडण्याजोगी असते.

तिसरी अडचण अधिक गुंतागुंतीची, ती अनामिकतेची. शहरात पहिले नाव सांगितले की माणूस अनामिक राहतो. गावात पहिले नाव सांगितले की आडनाव, भावकी, वस्ती आणि बांधावरचे भांडण हे सर्व ऐकणाऱ्याला आपोआप कळते. गावात तो पितो हे सर्वांना ठाऊकच असते. उघड होण्याची भीती वाटते ती सोडत असल्याची. कारण सोडण्याचे जाहीर झाले की गाव पाळत ठेवते, पैजा लागतात, आणि पहिल्या घसरणीची वाट पाहिली जाते. पाश्चात्त्य लेखनात अनामिकतेचा विचार मद्यपीपणाची लाज झाकण्याच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. मराठी खेड्यात तिचे काम वेगळे आहे. तेथे ती अपुऱ्या, कोवळ्या निश्चयाला झाकते.

जागेचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. सभा भरवावयाची कोठे? देवळाच्या सभामंडपाला एक भावकी असते, समाजमंदिराला दुसरी. ग्रामपंचायतीच्या खोलीला सत्ताधारी व विरोधक असतात. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढूत निर्माण झालेला तणाव व १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात उसळलेला हिंसाचार यांनंतर या पंचक्रोशीत कोण कोणाशेजारी बसतो, हा प्रश्न अधिकच नाजूक झाला. ए. ए. च्या सभेत जात विचारली जात नाही, हे तत्त्व म्हणून खरे आहे; पण गावात ती विचारावी लागत नाही. त्या दृष्टीने येरवड्याचे अंतर ही जशी अडचण, तशी सोयही ठरते. वेगवेगळ्या वस्त्यांतली दोन माणसे गावात एका ओट्यावर बसणार नाहीत, ती तीस किलोमीटरवरच्या खोलीत शेजारच्या खुर्च्यांवर बसू शकतात.

२०२० च्या टाळेबंदीत सभा मोबाइलवर भरू लागल्या आणि अंतराची अडचण एका झटक्यात दूर झाल्यासारखी वाटली. दोन खोल्यांच्या घरात, म्हाताऱ्या आईवडिलांसमोर व मुलांसमोर मोठ्याने आपली हकिकत सांगणे मात्र अनेकांना शक्य नसते. शेताच्या बांधावर जाऊन कानाला फोन लावावा, तर तेथे आवाजाला जाळे मिळेलच असे नाही.

चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन संस्थेने तामिळनाडूत याला एक वेगळे उत्तर शोधले. १९८० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने मंजक्कुडीसारख्या खेड्यांत, स्थानिक यजमान संस्थेच्या मदतीने, निवासी उपचार शिबिरे भरवली; एकाच परिसरातील पुरुष एकाच वेळी उपचार घेऊन एकाच वेळी घरी परतत, आणि पाठपुराव्यासाठी पथक गावातच येई. गावात सर्वांनाच ठाऊक असेल, तर एकट्याने सोडण्याऐवजी पाचदहा जणांनी मिळून सोडावी, असा त्यामागचा व्यवहार. शिरूर तालुक्यात भजनी मंडळे आहेत, सप्ताहाची परंपरा आहे, बचत गटांचे जाळे आहे आणि मुक्तांगणमधून परतलेली माणसे नगर रस्त्याने रोज ये-जा करीत असतात. प्राथमिक शाळेची खोली शाळा सुटल्यावर रिकामी असते, आणि गावातील सर्व वस्त्यांतली मुले एकत्र बसतात अशी बहुधा ती एकच जागा आहे.